सून डोळ्यात काहीतरी टाकते

माझ्या डोळ्यांबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला चालत नाही. आजही नाही.

गुजरातेत बमरोलीच्या एका कापड मिलमध्ये मी कापड तपासायला होते. काचेचं टेबल, काचेखाली दिवे, आणि वरून कापड सरकत जायचं. भोक, डाग, तुटलेला धागा, छपाईत पसरलेला रंग, जे दिसेल तिथे चिकटपट्टी मारायची. यंत्र कुणासाठी थांबत नाही. पापणी लवली तेवढ्यात डाग पुढे निघून गेला, की व्यापाऱ्याकडून ताका परत आलाच म्हणून समजा. म्हणून मी पापणी न लवता बघायची सवय लावून घेतली होती. नव्या मुली आल्या की त्यांना आधी माझ्या शेजारी उभं करायचे. आमचे गुजराती मास्टर म्हणायचे, "बेन, तमारी आंख छे के कॅमेरो?" मी कापडावरची नजर काढायची नाही, पण घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत यायची. का नाही घोळवायचं? माझ्या डोळ्यांनी घर चालवलं, पोराला शिकवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे मी रडत नाही. आमच्या गल्लीत बायका लग्नातही रडतात, बारशातही रडतात, टीव्हीसमोर बसून तर रोजच रडतात. मला ते जमत नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा चार लोकांसमोर मी टिपूस गाळलं नाही. जे काय करायचं ते मोरीत नळ सोडून केलं आणि तोंड धुऊन बाहेर आले. तेव्हा काही बायका म्हणाल्या की हिचं काळीज दगडाचं आहे. म्हणू देत. त्याच बायका पुढे आपल्या पोरी सासरी पाठवताना माझ्याकडे येऊन म्हणायच्या, हिला जरा तुमच्यासारखं घट्ट राहायला शिकवा.

आम्ही मूळचे खानदेशातले. इथे मिलजवळ उधन्यात आमच्या गल्लीत वरपासून खालपर्यंत सगळे तिकडचेच. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, रिक्षात हिंदी, असा आमचा कारभार. इथे मात्र सगळ्यांना कळावं म्हणून आमची बोलणी मी सरळ मराठीत लिहिते आहे.

मिल सोडली त्याच वर्षी पोराचं लग्न केलं. सून नंदुरबारकडची. शिकलेली, आणि आल्याआल्या तिने नोकरीही धरली. साड्यांवर यंत्राने जे भरतकाम होतं, त्याची नक्षी आधी कॉम्प्युटरवर बनवावी लागते, कुठे टाका पडेल, कुठे धागा उडी मारेल, सगळं. ते काम ती करते. दिवसभर पडद्याला डोळे लावून बसणं आहे ते. लग्नाच्या सामानात तिने एक छोटी पांढरी बाटली आणली होती, औषधाची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, डोळे कोरडे पडतात माझे. थेंब टाकावे लागतात." मी मनात म्हटलं, बघा, या वयात हिला डोळ्यांचं औषध! आमच्या वेळी असलं काही नव्हतं. बोलले नाही, पण तोंड वाकडं केलं असेल. माझं तोंड माझ्या ऐकण्यातलं नाही.

तर झालं काय, की मी घरी बसले तरी हाताला काम हवं म्हणून धागा कटिंगला लागले. भरतकामाच्या साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीने कापायचे. साड्यांचे गठ्ठे घरपोच येतात. दुपारी आमच्या ओट्यावर चारपाच बायका बसतो, कात्री चालते आणि तोंडही चालतं. एक दिवस असंच बसलो होतो, आणि माझ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. एकदम धार. मी पदराने पुसलं. परत आलं. समोरच्या घरातली शेजारीण, आमची जुनी मैत्रीण, तिची कात्री थांबली.

"भाभी, काय झालं गं?"

"काही नाही. डोळ्यात काहीतरी गेलं."

"दोन्ही डोळ्यात?"

दोन्ही डोळ्यातून येत होतं खरं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वारा लागला की पाणी, पंखा लावला की पाणी, बारीक बघायला लागलं की पाणी. आत खरखर व्हायची, वाळूचे कण गेल्यासारखी, आणि वरून हे वाहणं. गुलाबपाणी टाकून बघितलं, थंड दुधाच्या पट्ट्या ठेवल्या. कशाने काही फरक नाही. आणि बायका माझ्याकडे बघायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या, मग संध्याकाळी सून कामावरून येताना दिसली की गप्प व्हायच्या.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण माझ्या डोक्यात तसं काही नव्हतंच. नवरा गेल्यावर जी बाई रडली नाही ती सून आल्यावर रोज दुपारी ओट्यावर बसून रडते. आता याचा अर्थ गल्ली काय काढणार? शेजारणीने एकदा माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "भाभी, मनात ठेवू नको. आम्ही सगळ्या तुझ्या बाजूने आहोत."

"कशाच्या बाजूने?" मी विचारलं.

"तू सहन करणारी बाई. तू सांगणार नाहीस. पण आम्हाला दिसतं ना."

माझी अशी सटकली म्हणता! मी म्हटलं, "अगं, कसलं सहन? सोन्यासारखी पोरगी आहे ती!" आणि हे बोलताना माझ्या दोन्ही गालांवरून धारा. शेजारणीचेच डोळे भरून आले. तिने मला जवळ घेतलं. सांगा आता, अशा बाईला काय समजावणार?

सुनेने मात्र पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. संध्याकाळी कामावरून आली की माझ्यासमोर बसून डोळ्यात बघायची. म्हणायची, "आई, हे माझ्यासारखंच आहे. तुमचे डोळे कोरडे पडलेत. थेंब टाकले की बरं वाटेल."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? इथे नळ फुटलाय आणि तू म्हणतेस कोरडं! आणि वाहत्या डोळ्यात अजून पाणी घालायचं?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मी वाटेत तीनदा तरी म्हणाले असेन, चल परत. ती ऐकू येत नसल्यासारखी गाडी चालवत राहिली. हट्टी आहे. मला हट्टी माणसं आवडतात, पण तेव्हा नव्हती आवडली.

डॉक्टरने माझ्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. मला वाटलं पट्टी भिजून चिंब होणार. काढून दाखवली तर कड तेवढी ओली. म्हणाला, "बघा मावशी, डोळ्याचं स्वतःचं पाणी कमी झालंय तुमचं."

"मग हे वाहतं ते कुणाचं?"

तो हसला. म्हणाला की डोळ्यावर नेहमी एक पातळ ओलावा असावा लागतो, तो तुमचा टिकत नाही. मग डोळ्याला टोचतं, डोळा घाबरतो आणि एकदम पाणी सोडतो. पण ते पाणी नुसतं वाहून जातं, डोळ्यावर थांबत नाही. म्हणून वाहतंही आणि कोरडंही. मला ते पटलं, पण लगेच पटलं असं दाखवणं माझ्या स्वभावात नाही. मग त्याने विचारलं, काम काय करत होतात. मी अभिमानाने सांगितलं, पापणी न लवता कापड बघायचे म्हणून. म्हटलं, आता हा काहीतरी चांगलं बोलेल. तर म्हणतो, "तिथेच गडबड झाली. पापणी लवायला हवी, मावशी. पापणी लवते तेव्हाच ओलावा सगळीकडे पसरतो. मुद्दाम लववा. पंख्याच्या समोर बसू नका. आणि हे थेंब रोज टाका." माझी इतक्या वर्षांची कमाई, आणि हा म्हणतो गडबड! मी उठून उभी राहिले. सुनेने मला परत बसवलं आणि त्याला सगळं नीट विचारून घेतलं.

बाटली आली. ही फक्त माझी. सून म्हणाली, "तुमची तुमच्याकडे, माझी माझ्याकडे, कुणाची कुणाच्या डोळ्यात टाकायची नाही. आणि उघडल्यावर महिन्याने उरली तरी फेकायची." मी म्हटलं, उरलेलं फेकायचं म्हणजे काय, पण तिच्यापुढे माझं चाललं नाही.

आणि आता ऐका गंमत. हे जे माझे डोळे, यंत्रापुढे कधी लवले नाहीत, ते त्या थेंबापुढे लवायला लागले! बाटली डोळ्याजवळ आणली की पापण्या घट्ट. थेंब गालावर, थेंब नाकावर, एकदा तर कानात. पोरगा खो खो हसत सुटला. मी बाटली त्याच्या अंगावर फेकली असती, पण सुनेने ती हातातून घेतली. साबणाने हात धुतले, मला खुर्चीवर बसवलं, मान मागे करायला लावली. खालची पापणी बोटाने हलकेच ओढली, म्हणाली, "वर बघा, छपराकडे. त्या पालीकडे बघा." मी पाल शोधते तोवर थेंब आत. थंड. झोंबलं नाही, काही नाही. मी म्हटलं, "झोंबत नाही ते औषध कसलं?" ती म्हणाली, "मिटून बसा जरा, उघडू नका." मी मिटून बसले. आतली खरखर हळूहळू बसत गेली. खरं सांगते, किती दिवसांनी डोळे मिटून नुसतं बरं वाटत होतं. मी तिला बरं वाटलं म्हणून सांगितलंही नाही. उद्या सकाळी पण टाकशील का, एवढंच विचारलं.

आमच्या घरात उजेड कमी. पुढची खोली, मागे स्वयंपाक, खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीला लागून. म्हणून सून सकाळी कामावर निघण्याआधी मला ओट्यावर बसवायची आणि तिथे थेंब टाकायची. थेंब टाकल्यावर क्षणभर सगळं धूसर दिसतं. मी डोळे मिटून, हाताने दाराची चौकट चाचपत आत जायची. हे सगळं समोरच्या घरातून दिसायचं. मला काय ठाऊक!

आता गल्लीची गोष्ट पुढे सरकली. आधी सून सासूला रडवत होती. आता सून सासूच्या डोळ्यात काहीतरी टाकते आणि सासू आंधळ्यासारखी चाचपडत घरात जाते. शेजारणीची बहीण सुनेच्या माहेरच्याच गावात दिलेली. इकडून सकाळी गाडी निघाली की दुपारी बातमी तिकडे. फोनने तर त्याच्याही आधी. शेजारणीने वाईट मनाने सांगितलं असं मी म्हणणार नाही. ती बाई माझ्यासाठी खरंच जीव टाकते. पण जीव टाकणाऱ्या माणसांनीच माझ्या घराला आग लावायची वेळ आणली होती.

एका संध्याकाळी सुनेच्या वडिलांचा फोन आला. माझ्या पोराशी ते दोनच वाक्यं बोलले. रविवारी येतो, सोबत जातीतली दोन मोठी माणसं आहेत, आणि पोरीला पिशवी भरून ठेवायला सांगा. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. जातीची बैठक बसणार. आणि बैठकीतून पिशवी घेऊन गेलेली पोरगी परत आली तरी तिचं नाव परत येत नाही. तिच्या मागे धाकटी बहीण आहे लग्नाची. तिलाही लोक विचारणार, हीच ना ती, जिच्या बहिणीने सासूचे डोळे घालवले?

रात्रीच्या भाकरी सुनेने नेहमीसारख्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर जाऊन बसले, तर बाटली माझ्या हातात देऊन म्हणाली, "आई, आता तुम्हीच टाका. मी नाही टाकत."

"का?"

"लोक बघतात."

मी म्हटलं, "बघू देत ना लोकांना! फुकट आहे!" पण ती ऐकेना. तिची मान खाली. जी पोरगी मला जबरदस्तीने डॉक्टरकडे घेऊन गेली होती, तिला या लोकांनी माझ्या डोळ्याला हात लावायची भीती घातली होती. माझा जीव नुसता तळमळला. पोराला म्हटलं, तू टाक, तर त्याचे हात इतके थरथरायचे की मीच नको म्हणाले. मला स्वतःला जमेना. रविवार येईपर्यंत माझे डोळे परत लालभडक झाले, आणि वाहणं सुरू.

मी गप्प बसले होते असं नाही हं. समोर जाऊन शेजारणीला म्हटलं, "ते औषध आहे. डॉक्टरने दिलंय." ती म्हणाली, "डॉक्टर कुणी दाखवला? तिनेच ना?" मी म्हटलं, "मी तिथे होते!" ती माझ्या वाहत्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, "मग बरं का नाही झालं?" बरं होत होतं, तुम्ही थांबवलंत म्हणून परत बिघडलं, हे मी ओरडून सांगितलं. ओरडणारी आणि डोळ्यातून पाणी गाळणारी बाई कुणाला खरी वाटते?

रविवारी ते आले. व्याही एसटीचे ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. मोठा माणूस, भारदस्त, पण त्या दिवशी खांदे पडलेले. आले ते थेट गादीवर बसले, पाणी घेतलं, लेकीकडे बघितलं नाही. सोबतच्या दोघांनी टोप्या सारख्या केल्या. पोरगा कोपऱ्यात. दारात गल्लीतल्या बायका, पुढे आमची शेजारीण.

आमच्यात विहीण व्याह्यासमोर बसत नाही. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून आतल्या दाराशी उभी राहते, आणि बोलायचं तर तिसऱ्या माणसाला सांगते. मीही तशीच उभी होते. आयुष्यभर मी हा मान पाळला आहे, कुणी सांगितला म्हणून नाही, मला तो आवडतो म्हणून. सून माझ्या मागे, पायाशी पिशवी. भरलेली.

सोबत आलेल्या दोघांतला एक म्हातारा म्हणाला, "विहीणबाईंना विचारा, सुनेचा काय त्रास आहे. मोकळेपणाने सांगावं."

"काही त्रास नाही," मी म्हटलं. आणि पदराखालून पाणी टपकन माझ्या हातावर पडलं. मग जमिनीवर. सगळ्यांनी बघितलं.

म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. दारातल्या बायकांनी च् च् केलं. मी परत म्हटलं, "अहो, खरंच काही त्रास नाही, मी सांगते ना," आणि जितकी मी जोरात बोलले तितकी ती धार वाढली. माझ्या तोंडावर कुणाचाच विश्वास नव्हता. सगळ्यांचा विश्वास माझ्या डोळ्यांवर होता. ज्या डोळ्यांचा मला एवढा गर्व, तेच माझ्या सुनेविरुद्ध साक्ष देत उभे राहिले. इतकी लाचार मी कधी झाले नव्हते.

व्याही उठले. आवाज अगदी बारीक. "बेटा, पिशवी घे."

सून वाकली. तिचा हात पिशवीच्या बंदाला लागला, आणि माझ्यात काय संचारलं मला माहीत नाही. मी दारातून पुढे आले. खुर्ची ओढून बरोबर मध्ये ठेवली, त्या तिघा पुरुषांच्या समोर, आणि बसले. मान मागे टाकली. पदर आपसूक खाली घसरला. सावरला नाही. व्याह्यासमोर उघड्या डोक्याने, तोंड छपराकडे करून बसलेली बाई आमच्या गल्लीने कधी पाहिली नसेल. म्हातारा तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागला.

"टाक," मी म्हटलं.

कुणी हललं नाही.

"ऐकू येत नाही का? टाक म्हणते ना!"

"आई, नको," ती म्हणाली.

"तू मला नको म्हणायचं नाहीस. हात धू आणि टाक."

मोरीत नळाचा आवाज आला. साबणाचा डबा वाजला. मग तिचं गार बोट माझ्या पापणीवर आलं. "वर बघा," तिने हळूच म्हटलं. एक थेंब. दुसऱ्या डोळ्यात एक. मी डोळे मिटले आणि मिटूनच बोलले.

"आता सगळ्यांनी ऐका. मी परत सांगणार नाही. माझे डोळे सुकलेत. मिलमध्ये पापणी न लवता काम केलं, त्याने सुकलेत, आणि वय झालंय त्याने सुकलेत. सुकलेला डोळा वाहतो, हे मलाही माहीत नव्हतं. पोटच्या पोराला दिसलं नाही की आई डोळे चोळते आहे. हिला आठवड्यात दिसलं. मी हिला वेडी म्हटलं तरी हिने मला उचलून डॉक्टरकडे नेलं. मी रडत नव्हते. मला या घरात कुणी रडवलेलं नाही. आणि ही पिशवी जर या उंबऱ्याबाहेर गेली, तर माझ्या डोळ्यात कोण टाकणार ते आत्ता मला सांगा. तुम्ही टाकाल?" हे मी कुणाला विचारलं कोण जाणे. डोळे मिटलेले होते.

दारातून शेजारणीचा आवाज आला, अगदी रडवेला, "अगं, मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं!" मी ओरडले. "रोज सांगितलं! ऐकतंय कोण?"

कुणीतरी हसलं. मग अजून कुणीतरी. मी डोळे उघडले. क्षणभर धूसर, मग साफ. पाणी थांबलं होतं. शेजारणीने जवळ येऊन माझ्या तोंडाकडे अगदी नाकाला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "खरंच गं, थांबलं." मी पदर डोक्यावर घेतला. आता घ्यायला हरकत नव्हती.

व्याही अजून उभेच होते. त्यांचे स्वतःचे डोळे लाल, कडा सुजलेल्या. इतकी वर्षं समोरून येणारी धूळ, वारा, दिवे. ते खाली बसले, टोपी काढली, मांडीवर ठेवली. माझ्याशी न बोलता, लेकीकडेही न बघता म्हणाले, "माझेही असेच जळतात. गाडी चालवायचो तेव्हापासून."

सून आत गेली. कपाटातून एक नवी बाटली आणली, मला पुढच्या महिन्यासाठी आणून ठेवलेली, आणि सगळ्यांसमोर तिचं झाकण फोडलं. "बाबा, हे नुसता ओलावा देतं. गावी गेल्यावर डोळे दाखवायचे, नक्की," असं बजावलं. मग वडिलांची मान तिने हाताने मागे केली. एवढा मोठा माणूस, लेकराने बसावं तसा तिच्या हातात मान देऊन बसला. एका डोळ्यात थेंब, दुसऱ्यात थेंब.

"काही दिसत नाही गं," ते म्हणाले.

"थांबा जरा. दिसेल."

ते थांबले. मग डोळे उघडून त्यांनी लेकीकडे पाहिलं. घरात आल्यापासून पहिल्यांदाच. डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, हात पाहिले, चेहरा पाहिला.

"मला वाटलं होतं, पार खंगली असशील," ते म्हणाले. "तू तर अंगाने भरलीस गं."

"भरणारच," मी म्हटलं, आणि या वेळी तिसऱ्या माणसाला न सांगता थेट त्यांनाच म्हटलं. "माझ्या घरची भाकरी खाते ती."